बिनदाराचं घर

ठकी मांजरी तीन दिवस काही न खाता ओकत राहिली आणि चौथ्या दिवशी तांबडं फुटताना गेली, तेव्हा गोजरबाईनं थेट सुनेला धारेवर धरलं.

"आपल्या शिंगणापुरात घराला दार न्हाई, तरी भाईरचं कुनी आत पाय टाकीत न्हाई. म्हंजी विख घरातल्यानंच घातलं. दूध सांडलं म्हनून फुंकनी कुनी फेकून मारली हुती तिला? हौसा, मांजर मारलेल्या हातचं पानी बी मी पिनार न्हाई!"

आणि पुरावाच पाहिजे म्हणून मेलेली ठकी पाटीत घालून ती स्वतः ढोरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं. "विष नाही, मावशी. जठरामागं स्वादुपिंड असतं, तेच सुजून सडलंय."

"मंग केलं कुनी?"

"नक्की नाही सांगता येत. अंगात रोगाशी लढणारी एक ताकद असते, राखणदारासारखी. कधी कधी तीच घरच्याला चोर समजून झोडपते. तसंच झालं असावं."

भर उन्हात, कुठं न टेकता गोजरबाई माघारी आली आणि आळीच्या तोंडापासूनच तिनं हाक मारली, "हौसा, पानी दे गं माय."

आतून कुणी ओ दिली नाही.

लग्नात तिनंच सुनेच्या गळ्यात घातलेली सोन्याची बोरमाळ उंबऱ्यावर ठेवलेली होती. सकाळपासून सारी आळी तिथून आली-गेली होती. कुणी हातसुद्धा लावला नव्हता.