अध्यक्षांचं पहिलं भाषण

शेवटचं वाक्य ओठांवर होतं आणि दीप्ती थांबली.

नागपूरच्या त्या सभागृहात चुळबुळ सुरू झाली. पहिल्या रांगेतल्या भैरवी मॅडमनी नुसते ओठ हलवून पुढचा शब्द सुचवला. महिनाभर त्यांनी दीप्तीकडून हे भाषण घोटून घेतलं होतं. खापरखेड्याहून आलेल्या त्यांच्या शाळेनं आजवर एकही वक्तृत्व स्पर्धा जिंकली नव्हती. ही जिंकली, तर दीप्ती दिल्लीच्या फेरीला जाणार होती. दिल्लीला घालायचा स्वेटर तिनं आधीच मैत्रिणीकडून मागून ठेवला होता.

स्पर्धेचा विषय होता 'अध्यक्षांचं पहिलं भाषण'. एका अध्यक्षाचं घ्या की चौघांचं, पण पद स्वीकारताना केलेलं भाषणच घ्यायचं. त्यात स्वतःचं एक वाक्य घातलं की बाद. दीप्तीनं अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाचं जुनं, जगभर गाजलेलं भाषण मराठीतून घेतलं होतं.

ती विसरली नव्हती. तिला कालची संध्याकाळ आठवत होती.

काल आजी, म्हणजे सिंधूताई, मेथी निवडत बसली होती आणि दीप्ती भिंतीसमोर उभी राहून भाषणाची तयारी करत होती. भिंतीवर आजीचा जुना फोटो आहे. समोर माईक, गळ्यात हार. हार फोटोला नाही, फोटोतल्या आजीला आहे. आजी ठणठणीत आहे.

"आजी, या राष्ट्राध्यक्षानं लिहिणाऱ्याले बजावून सांगितलं होतं, भाषण छोटं पाहिजे म्हणून. दोघांनी मिळून एकेक शब्द छाटला. पाव तासही लागला नाही."

"पाव तास म्हणजे छोटं?" आजी हसली. "बरं, शेवटी काय म्हणते तो?"

दीप्तीनं मॅडमनी शिकवल्यासारखा हात उंचावला. देशानं तुमच्यासाठी काय करावं, हे विचारू नका. तुम्ही देशासाठी काय करू शकता, ते विचारा.

आजीचा हात मेथीतच थांबला.

"काहून नाही विचारायचं वं?"

"तसं नाही आजी, त्याचा अर्थ…"

"अर्थ समजला मले. चांगलंच बोलून राहिला तो. पण त्याच्या घरी विचारायच्या आधीच सारं येत असन. आपल्या वस्तीत सातवीच्या पुढं शाळा नव्हती. तुही मोठी आत्या सातवी झाली अन् घरी बसली. मंग आम्ही बाया सायबाच्या दारात जाऊन बसलो. आम्ही विचारलं नसतं, तं तू उद्या कोणत्या शाळेचं नाव लावून बोलली असती?"

छप्पन साली दीक्षाभूमीवर आजी आईच्या कडेवर होती. मान वर करून बोलायला ती तिथंच शिकली, असं ती सांगते. कडेवरच्या पोरीला काय कळणार, असं घरात सगळ्यांना वाटतं. पण तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

मग आजीनं त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट सांगितली. अगदी छोटी. दीप्ती आधी हसली, आणि मग जेवताना तिनं ती पुन्हा सांगायला लावली.

आता माईकसमोर तिनं राष्ट्राध्यक्षांचं ते वाक्य म्हटलं. एकाही शब्दाला धक्का न लावता, जसंच्या तसं. टाळ्या सुरू झाल्या. भैरवी मॅडमच्या जिवात जीव आला. पण दीप्ती माईकपासून हलली नाही. तिला दिल्ली दिसत होती, आणि पाचव्या रांगेत बसलेली आजीही. तरी ती बोललीच.

"आम्ही विचारू. अन् उत्तर भेटल्याशिवाय उठणार नाही."

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. मुख्य परीक्षक महादेवरावांनी चष्मा काढला. ते निवृत्त प्राध्यापक, आणि ते गाजलेलं भाषण त्यांना कॉलेजपासून पाठ होतं.

"बेटा, सुंदर बोललीस. पण शेवटचं वाक्य त्या भाषणात नाही. स्वतःचं वाक्य घातलं की बाद, हा नियम तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर. ते माझं नाही."

"मग कोणाचं?"

भैरवी मॅडमनी डोळे मिटून घेतले. सबंध भाषणात दीप्तीचा आवाज एकदाही कापला नव्हता. आता कापला, पण भीतीनं नाही. एवढा अभिमान तिला आजवर कशाचाच वाटला नव्हता.

"अध्यक्षांचंच आहे, सर. सिंधूताई मेश्राम, अध्यक्ष, महिला मंडळ, खापरखेडा. निवड झाली त्या दिवशी त्यांनी केलेलं पहिलं भाषण. अख्खं भाषण एवढंच होतं. आमची शाळा त्यानंतर आली."

सभागृहात कुणी हसलं नाही. भैरवी मॅडमनी डोळे उघडले आणि वळून मागं पाहिलं. त्या शाळेत त्यांची सोळा वर्षं गेली होती. शाळा कशी आली, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

महादेवराव शेजारच्या परीक्षकांशी हळू आवाजात काही बोलले. मग त्यांनी समोर पाहिलं. "अध्यक्ष इथं आल्या असतील, तर त्यांनी कृपया उभं राहावं. आम्हाला त्यांचा सत्कार करायचा आहे."

दीप्तीनं पाचव्या रांगेकडे बोट दाखवलं. सगळ्या माना तिकडे वळल्या. आजी मांडीवर पिशवी घेऊन तशीच बसून राहिली.

"सत्कार राहू द्या, सर," ती म्हणाली. "पोरीचं भाषण नियमात बसते का नाही, ते आधी सांगा."

"बसतं," महादेवराव म्हणाले.

मगच अध्यक्ष उठल्या.