दोनशे बारा निष्ठावंत

“आपलं राष्ट्र आज स्वतंत्र झालं आहे,” अध्यक्षांनी तोंडातल्या टाचण्या काढून जाहीर केलं. राष्ट्रानं टाळ्या वाजवल्या. राष्ट्र म्हणजे उपाध्यक्ष. शेजारी त्यांचं केस कापायचं दुकान होतं. अध्यक्षांच्या बायकोनं शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगितलं, की झालं असेल स्वतंत्र तर त्या कोटाला बाह्या लावून टाका, गिऱ्हाईक पाचला येतंय.

परदेशातल्या त्या शिंप्याच्या दुकानात चळवळ बारा वर्षं अशी सुखानं नांदत होती. मग करड्या टोपीचा साहेब आला. तो इथल्या सरकारचा माणूस. या सरकारचं अध्यक्षांच्या मायदेशाशी हाडवैर. मायदेशाचा तुकडा पाडायला निघालेला शिंपी म्हणजे घरबसल्या लागलेलं घबाडच. साहेबानं झेंडे दिले, सभेला हॉल दिला, स्वातंत्र्याची तारीखही ठरवून दिली. आणि मायदेशातल्या निष्ठावंतांची यादी मागितली.

निष्ठावंत एकही नव्हता. पण बारा वर्षांच्या अध्यक्षानं हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी वडिलांच्या तिकडच्या दुकानातली मापांची जुनी वही काढली आणि गिऱ्हाइकांची नावं-पत्ते सुवाच्य अक्षरात उतरवून दिले. छाती आणि कंबर तेवढी गाळली. दोनशे बारा भरले. शेवटचं नाव मेव्हण्याचं, बहिणीच्या नवऱ्याचं. लग्नाचा सूट सासऱ्यांकडेच शिवला होता ना.

आज त्या कोटाची दुसरी बाही लावून होते न होते तोच साहेब दारात.

“तुमच्या दोनशे बारा जणांना माल पोचला,” तो म्हणाला.

कसला माल, अध्यक्षांनी विचारलं. फुटणारा, साहेब म्हणाला. अडाण्यानं पेटीच्या कुलपाशी झटापट केली तर जागच्या जागी. पण तुमची माणसं तयारीची आहेत, नाही का?

अध्यक्षांची मान आपोआप हलली. होकारार्थी. सवयच ती.

साहेब गेल्यावर त्यांनी बहिणीला फोन लावला. नंबर तीनदा चुकला. सुईत एका झटक्यात दोरा ओवणारी बोटं. बायकोनं मशीन थांबवलं आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

पलीकडे बहीण खुशीत होती. त्यांना तोंड उघडूच देईना.

“दादा, तुझी पेटी मिळाली रे. कशाला एवढं करायचं? हे मघापासून कानस घेऊन कुलपाशी बसलेत. तेवढी किल्ली कुठे ठेवलीयस, सांग ना.”