फरहाची सही

“विमान कुठलं आहे, एवढंच सांग,” मुबारकमामूंनी तिसऱ्यांदा विचारलं.

फरहाने नाव सांगितलं. मामूंनी चहाचा कप बशीत ठेवून दिला.

“म्हणजे तेच.”

“तेच.”

त्या जातीची दोन विमानं मागे परदेशात पडली होती. मग कित्येक महिने ती जगभर जमिनीवरच उभी होती. चौकशा झाल्या, दुरुस्त्या झाल्या आणि ती पुन्हा उडू लागली. मामूंचं पनवेलच्या एसटी स्टँडजवळ बॅगांचं दुकान होतं. आखातात जाणारी गिऱ्हाइकं हल्ली बॅगेची चाकं नंतर बघत, आधी विमानाचं विचारत.

“मी त्यांना काय सांगतो माहितीये? माझी भाची तीच विमानं तपासते, बिनधास्त जा! आणि आज माझी बहीण निघाली, तर मीच तुला तीन-तीनदा विचारतोय.”

“मामू, लाखो उड्डाणांत एखादा अपघात होतो.”

“त्या एखाद्यात पण माणसंच बसलेली असतात ना ग?”

फरहाला आकडे आवडत. फिजिक्सची पदवी घेऊन ती विमानांच्या देखभालीकडे वळली, तीही आकड्यांच्या भरवशावरच.

आतल्या खोलीत तिची अम्मी, गुलशन, बॅग भरत होती. मस्कतला फरहाच्या भावाच्या, अमनच्या, बायकोचे दिवस भरत आले होते. विमान दुपारी चारचं होतं. ते तपासून, उडायला हरकत नाही अशी सही करायची पाळी आज फरहाची होती.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. दहा वाजले तरी धुकं विरलं नव्हतं. समोरच्या गच्चीवरची ओली चादर हवेत तरंगत असल्यासारखी दिसत होती. खाडीच्या बाजूने एक विमान वर आलं, दुधात बुडवलेल्या चमच्यासारखं, अजिबात आवाज न करता. आवाज मागाहून आला. मधले सेकंद तिने सवयीने मोजले. तीन सेकंदांचा एक किलोमीटर. विमान दिसतं तिथे ते ऐकू येत नाही आणि ऐकू येतं तिथे ते आता नसतं, हे तिला शाळेपासून नवलाचं वाटत आलं होतं.

हल्ली तिला एकच स्वप्न पडे. ती विमानाच्या पंखावरून अनवाणी चालत असते. पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट बोटाने चाचपते. पंख लांबत जातो, खाडीवरून, मिठागरांवरून, दिवे लागलेल्या पनवेलवरून. रिव्हेट गार असतात, पावसाच्या थेंबांसारखे. एकही सैल नसतो. तरी पंख संपत नाही.

सह्या करू लागल्यापासून, म्हणजे गेलं वर्षभर, जाग आली की ती फोन बघे. तिने सही केलेलं प्रत्येक विमान नकाशावर पिवळ्या ठिपक्यासारखं सरकत असे, आणि ते उतरेपर्यंत तिला चैन पडत नसे. एक उतरेपर्यंत दुसरं निघालेलं असे. जेवतानाही फोन ताटाशेजारी. मामू चिडवत, “कोण आहे ग तो? आम्हाला पण दाखव एकदा.”

गुलशन बाहेर आली. फरहाने फोन तिच्यापुढे धरला.

“अम्मी, परवाचं एक तिकीट मिळतंय. दुबईवरून जावं लागेल. पण विमान दुसऱ्या जातीचं आहे.”

“बघ, ही पण तेच म्हणते!” मामू म्हणाले.

गुलशनने फोनकडे पाहिलंच नाही. “ते कोण तपासणार?”

“मला काय माहीत? तिकडचं कोणीतरी.”

“आणि आजचं?”

“मी.”

“सही करताना तुला भीती वाटते?”

फरहाने फोन खाली घेतला. “सही करताना नाही. तेव्हा सगळं माझ्या डोळ्यांसमोर असतं.”

“मग?”

“नंतर.”

गुलशनने मान हलवली. बराच काळ माहीत असलेली गोष्ट कुणीतरी अखेर बोलून दाखवावी, तशी. “मी आजच जाणार,” ती म्हणाली. “सुनेला परवापर्यंत थांब म्हणून कसं सांगू? तिचं काय वेळापत्रक आहे?”

मामू हसले, पण त्यांचे डोळे ओले झाले होते. त्यांनी खिशातून इमाम जामिन काढला. हिरव्या रेशमी पट्टीत शिवलेलं नाणं. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या दंडाला हे बांधायचं आणि ते सुखरूप पोहोचलं की नाणं गरिबाला द्यायचं, ही घरची रीत.

“हात पुढे कर, गुलशन.”

गुलशनने पट्टी त्यांच्या हातातून घेतली. फरहाजवळ गेली आणि तिची बाही वर सारू लागली.

“अम्मी, हे काय? नाणं घेऊन मला विमानाजवळ जाता येत नाही. इंजिनात गेलं तर केवढ्याला पडेल!”

गुलशनने शिवण दातांनी उसवली, नाणं काढून मामूंच्या तळहातावर ठेवलं आणि त्याच्या जागी दहाची नोट बारीक घडी करून सरकवली. मग तिने पट्टी मुलीच्या दंडाला बांधली. एक गाठ, दोन गाठी. ओढून पाहिली. सैल नव्हती.

“अगं पण प्रवासाला तू निघालीस ना?” मामू गोंधळून म्हणाले.

“मी काय, तीन तासांत उतरेन,” फरहाची बाही खाली करत गुलशन म्हणाली. “ही वर्षभर वरच आहे.”