हिरव्याचं अस्तर

वडिलांचे लव्हबर्ड वाटताना थोरल्या भावाने एकमेव निळा पक्षी स्वतःकडे ठेवला आणि धाकट्याच्या हातावर दोन साधे हिरवे टेकवले. तेव्हापासून दोघांत अबोला होता. आज शिवणकाम आटोपून धाकट्याने घरट्याची पेटी उघडली आणि बघतच राहिला. तीन पिलांची लव केशरी होती, चौथ्याची कापसासारखी पांढरी. “आजारी आहे का हो?” बायकोने विचारलं. “छे! पांढरी लव म्हणजे निळं होणार.” “आईबाप हिरवे असून?” “कोटाला अस्तर असतं, तसा निळा हिरव्यात दडतो. दोघांच्याही अंगात असला, तरच पिलात उतरतो.” बोलताना तो थबकला. असे दोन हिरवे आपसूक जुळत नाहीत. त्याने फोन लावला. “निळं निघालं ना?” दादानेच विचारलं. “आपला निळा थकला होता. म्हणून त्याची लेकरं तुला दिली. सांगणार होतो, तर पिंजरा उचलून चालता झालास!”