सभा साडेबारा वाजता संपली

"कुणाला काही म्हणायचंय?" विचारता विचारताच वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांनी फाइल मिटली. कुणी काही म्हणत नसतं, हे त्यांना सवयीनं ठाऊक होतं. त्यांनी इतिवृत्ताचा कागद सह्यांसाठी फिरवला. सभेत काय झालं ते प्रमुख आदल्या दिवशीच टाइप करून ठेवत. उगाच वेळ कशाला दवडायचा? चारही प्राध्यापक न वाचता सही ठोकत आणि तासाला पळत.

आज कागद विभागातल्या सगळ्यात जुन्या मॅडमपाशी अडला. त्यांनी पर्समधून चष्मा काढला.

प्रमुखांनी घाईनं पेन पुढे केलं. मॅडम सोळा वर्षं वर्गीकरण शिकवत होत्या. कपाटातल्या वाळवलेल्या पानाफुलांचा अख्खा संग्रह त्यांच्या हातचा. तो विषय आता नव्या सरांकडे जाणार, हे त्यांना आत्ता, सगळ्यांदेखत कळलं होतं. खरं तर आधी एकटीला सांगायचं होतं. मॅडमची खोली दोन पावलांवर. परवा प्रमुख दारापर्यंत गेलेही होते. आत मॅडम कागदावर पानं चिकटवत होत्या. प्रमुख पाणी प्यायचं निमित्त करून मागे फिरले. शेळपटपणाच, दुसरं काय.

मॅडमनी मोठ्यानं वाचलं, "'सखोल चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर झाला. संबंधित प्राध्यापिकांनी निर्णयाचे मनःपूर्वक स्वागत केले.'"

नवे सर टेबलाखाली स्वतःचे बूट बघत बसले. प्रमुखांचे कान तापले. लाज वाटली, इतकी की तो कागद हिसकावून फाडावा. पण हात काही उचलेना.

"मॅडम, तेवढी ओळ बदलून देतो मी," ते पुटपुटले.

"राहू द्या की सर. एवढं मन लावून लिहिलंय तुम्ही." मॅडमनी सही केली, नेहमीसारखी, खाली तारखेसकट. मग चष्म्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "फक्त शेवटी लिहिलंय, 'सभा साडेबारा वाजता संपली.' आत्ता कुठे बारा दहा होतायत. तोवर बसायचं ना?"

आणि त्या बसून राहिल्या. मग बाकीचेही बसले. तासाची मुलं दाराशी डोकावून गेली, तरी कुणी उठलं नाही.

बोलायला चांगली वीस मिनिटं होती. प्रमुखांनी फाइल उघडली, आणि पुन्हा मिटली.