हिरव्या पागोट्याचा शिपाई

"पुन्हा कुणीतरी हात लावलाय!" स्वतः मांडलेल्या लढाईच्या छोट्या देखाव्यापुढे जयसिंग ओरडला. तलवार टाकून पळताना दाखवलेला हिरव्या पागोट्याचा इवलासा शिपाई आजही शत्रूकडे तोंड करून उभा होता. डिंकानं चिकटवलेला शिपाई आपोआप थोडाच वळणार?

आधी संशय बायकोवर गेला. "मी कशाला तुमच्या बाहुल्यांच्या नादी लागू?" ती फणकारली. मग शिपाई रंगवायला येणाऱ्या मित्रावर. त्याच्याशी तर जयसिंगनं बोलणंच टाकलं.

शिपाई पुन्हा पाठमोरा चिकटवून दुपारी तो दाराआड दबा धरून बसला. काठी टेकत वडील आले. त्यांनी शिपाई उपटला आणि डिंक लावून पुन्हा शत्रूकडे वळवला.

"अण्णा, तुम्ही? अहो, हा आपला पूर्वज रणातून पळाला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"म्हणूनच जत्रेत पालखीपुढे तलवार धरायचा मान अजून आपल्या घराला नाही," अण्णा म्हणाले. "जन्मभर मी पालखीच्या मागं उभा राहिलो. निदान माझ्या घरात तरी त्याला पळवू नकोस."

जयसिंगनं चिमटा उचलला आणि शिपायाच्या रिकाम्या मुठीत तलवार चिकटवली.