एका दमात

माइकसमोर गाताना चिमणी पुन्हा खोकली आणि रेकॉर्डिस्टनं काचेआडून हात हलवला. अकरावा टेकही वाया गेला. त्यानं तो लगेच पुसून टाकला.

दादानं पियानोवरचे हात मांडीवर घेतले. तिच्या खोकल्यानं तो दचकायचा, बोट घसरायचं. आता तर खोकला येणार या धास्तीनंच घसरू लागलं होतं. ड्रमवाला, बासवाला आणि सॅक्सोफोनवाला आपापल्या बुटांकडे बघत बसले. बिचाऱ्यांना तिच्याकडे बघवत नसणार.

वीस वर्षं दुसऱ्यांच्या मागे कोरसमध्ये उभी राहून त्याच्या या धाकट्या बहिणीला, चिमणीला, स्वतःचा पहिला जॅझ अल्बम मिळाला होता. पियानोवर दादाच हवा, एवढी एकच अट तिनं घातली होती. आठ गाणी झाली. उरलं नववं, सगळ्यात जलद. ती काचेच्या खोलीत, बाकीचे बाहेर, पण सगळ्यांनी एकाच वेळी, एका दमात करायचं. तुकडे जोडायचे नाहीत, अशी या मंडळींची रीत. तीन दिवस गाणं हलत नव्हतं. काल लय कमी करून पाहिली, तर निर्मात्यानं जांभई दिली होती.

"चुकलं माझंच," चिमणी म्हणाली. "म्हातारी झाली रे दादा तुझी चिमणी."

दादाला ते पटेना. सकाळी हीच त्याची पिशवी घेऊन तीन मजले गुणगुणत चढली होती. माइकसमोरच खोकला येतो म्हणजे मनातली भीती, दुसरं काय?

वाजवणारी मंडळी चहाला गेली. निर्मात्यानं दादाला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं. ताईंचा दम संपलाय, आणखी थांबता येणार नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं. एक तरुण गायिका तयार होती. तिच्या आवाजात नऊच्या नऊ गाणी पुन्हा घ्यायची. अल्बमवर दोन आवाज नकोत.

दादानं विनवून पाहिलं. आणखी एक दिवस मागितला, मग अर्धा.

"तुम्ही तिचे थोरले," निर्माता म्हणाला. "तिला असं रोज तोंडघशी पाडायचं का, तुम्हीच ठरवा. नाही म्हणालात तर थांबतो."

दादाला तिचा लालबुंद चेहरा आठवला. गळ्याशी धरलेला हात आठवला. देवा, हिला सोडव रे आता, असं मनाशी म्हणत त्यानं होकारार्थी मान हलवली. निर्मात्यानं तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडची मुलगी हो म्हणाली. दोन वाक्यांत सगळं मिटलं.

आता हे चिमणीला सांगायचं त्याच्यावर आलं.

तो आत आला. ती काचेच्या खोलीत पाठमोरी उभी होती. हाक मारायचा धीर होईना. पियानोसमोर बसून त्यानं सवयीनं हेडफोन कानाला लावले. तिचा माइक चालूच होता.

चिमणी नववं गाणं गात होती. एकटीच. ठरलेल्या लयीत, नव्हे, त्याहून जलद. शेवटच्या चार ओळी तिनं एका श्वासात उचलल्या आणि शेवटचा स्वर हलकेच खाली ठेवला.

"ताई," रेकॉर्डिस्टचा आवाज आला, "एवढा दम आहे, मग खोकला कसा येतो?"

ती जराशी हसली.

"तुम्ही कुठे बोलू नका हं," ती म्हणाली. "दादाचं बोट अडखळलं, की येतो."